मास्टरनं डोक्यावर हात ठेवला

मी पिंगळीचा. वडील रेल्वेत गँगमन, अन् मी पूर्णेच्या बँडपार्टीत गिटार वाजवायचो, वरातीम्होरं, हातगाडीवर भोंगा बांधून. वडलांनी मुकादमाला सांगून माझं नाव गँगच्या यादीत घातलं, म्हणले सोमवारी हजर न्हाई झालास तर घरात पाय ठेवू नको, अन् मी शनिवारीच पळालो हैदराबादला, तिथं एका हॉटेलात जॅझवाल्यांना गिटारवाला पाहिजे होता म्हणून.

काय सांगू तुमाला, जॅझ म्हंजे काय हेच मला धड ठावं न्हवतं. आधी सगळ्यांनी मिळून धून वाजवायची, मंग एकेकानं तिच्यावर आपल्या मनचं वाजवायचं, एवढंच कळालं होतं. रविवारी परीक्षा घेतली, माझी पाळी आली, मी सुटलो. पियानोवरच्या मास्टरनं आपल्याच डोक्यावर हात ठेवला. आता आमच्या वरातीत उस्तादानं असा डोक्यावर हात ठेवला की समजायचं, नवरदेवाकडची अजून नाचायलीत, थांबू नको, वाढव. मी वाढवलं. मास्टरनं पुन्हा ठेवला, मी अजून वाढवलं. ड्रमवाला थांबला, बाकीचे थांबले, मी एकटाच, घाम डोळ्यात, वाटायलंय गेली नोकरी, अन् थांबता बी येईना, कारण नवरदेव मांडवात जाईस्तोवर आमी कधी थांबलोच न्हाई. शेवटी मास्टरनं येऊन माझ्या तारांवर पंजा ठेवला. म्हणला, डोक्यावर हात म्हंजे मूळ धुनेवर परत ये, येड्या. पियानोकडं परत जाता जाता म्हणला, उद्या ये. उद्या म्हंजे सोमवार.

माझ्या जागी चुलतभाऊ सुदाम गँगवर गेला. वडील पाच वर्षं बोलले न्हाईत. पुढं हॉटेलातला तो बँड मोडला, मी परभणीत क्लास काढला. सुदामला आता पेन्शन हाय, मला चार विद्यार्थी. त्यातली एक सुदामचीच नात, दर रविवारी पिंगळीहून गाडीनं येती, हात लय गोड तिचा.

मागच्या रविवारी सुदाम सोबत आला, म्हणला, दादा, ही रेल्वेचा फॉर्म भरंना, गिटारच वाजवणार म्हणायलीय, तू सांग, तुझंच ऐकती. मला राग आला अन् भ्या बी वाटलं. कोणत्या तोंडानं सांगू? पोरगी गिटार मांडीवर घेऊन माझ्याकडंच बघायली. मी म्हणलं, भर बाई फॉर्म. सुदामनं हात जोडले. तिनं गिटार पिशवीत घातली, चेन लावली.

आज रविवार. तिची गाडी कवाच येऊन गेली, ती काय आली न्हाई. सुखी राहो लेकरू.