राक्षसाच्या डोंगरावरची हकीमबाई

माहेर माझं मेडशीचं, ताई. आमी मनियार, म्हंजे बांगड्यावाले. बाप बांगड्यायचा भारा खांद्यावर घेऊन गावोगाव फिरे, आन पोहरादेवीची जत्रा आली का सारं घरच तिकडं जाये, मी लहान होती तवापासून जाये. माझा हात नरम. बाया म्हणत, नसीमकडूनच भरून घेतो, ते दुखू देत नाई. आता काय सांगू तुमाले, बांगडी भरणं जोराचं काम नाई, समोरची बाई भेली का हात कडक करते आन मंग काच फुटते, म्हणून तिले बोलण्यात गुतवायचं, लेकरं कितली, औंदा सोयाबीन कसं हाय, आन ते सांगत असतानाच अंगठा दाबून बांगडी वर सरकवून द्यायची. तिले कयतच नाई कवा भरली.

लग्न होऊन मालेगावले आली, हे आपलं वाशीमकडचं मालेगाव. सासरचे पिंजारी. वाशीम रोडवर आमचं गादीचं दुकान हाय, पायलं असंल तुमी येताना, बाहेर लाल-निळ्या गाद्या टांगल्या असतात. सासरे, त्याईले आमी अब्बा म्हणतो, त्याईनं जवानीत धुनकी घेऊन खेड्याखेड्यात कापूस पिंजला, आता मशीन हाय, माझे मालक रफीक मशीनवर बसतात, आन गादीले टाके घालायचं काम माझं. मोठी सुई, जाड दोरा, दिवसभर वाकून. वाकून वाकून कंबर आधीच गेली होती, आन एक दिवस कापसाच्या गाठोड्यावर चढली वरची गादी काढाले, तिथून घसरून पडली. वाशीमच्या डॉक्टरनं सांगितलं, मणका सरकला, पडून राहा. कितले दिवस? तर म्हणे बरं वाटेपर्यंत. असं कोणी सांगते काय? माणूस पडून पडून कायले पाहीन, छत?

रफीकनं मोबाईल देला. म्हणे घे, गेम खेळ, जीव रमंल. मी म्हटलं मी काय पोट्टी हाय काय. पण खेळली. लय मोठा मुलूख हाय ताई त्या गेममंदी, डोंगर, जंगल, किल्ले, आन त्यात जी माणसं फिरून राह्यली ती खरीच माणसं, कोणी नागपूरचा, कोणी साताऱ्याची, आपापल्या घरी बसून खेळून राह्यले. आपण कोण व्हायचं ते आपण ठरवायचं. कोणी तलवारवाला होते, कोणी तीरवाला. मी हकीम झाली. हकीम म्हंजे जो दुसऱ्याले मार लागला का दवा करते. प्रत्येकाच्या नावाखाली लाल पट्टी असते, मार बसला का पट्टी कमी होते, संपली का माणूस मेला, मंग परत पयल्यापासून सुरू. हकीमानं ती पट्टी भरत राहायची. नाव मी ठेवलं मनियारीण. सारे समजत कोणी माणूस गंमत करून राह्यला.

त्या मुलखात एक डोंगर हाय, त्याच्या माथ्यावर राक्षस बसला हाय, त्याले पाडलं का हिरवा अंगरखा भेटते. तो अंगरखा घालून माणूस चालला का बाकीचे थांबून पायतात. मले तो पायजेच होता. काहून पायजे होता? आता तुमी शालू काहून घेता? तसंच. पण राक्षसाले एकट्यानं पाडता येत नाई, पाच जणायची टोळी लागते, आन नवख्याले टोळीत कोणीच घेत नाई. तिथं एक जण होता, नाव बादशाह, तो जागा विकत होता. पैसे द्या, माझ्या टोळीत या, बक्षीस घेऊन जा. अशी बरीच माणसं पैसे देतात ताई, खोटं नाई सांगत. कोणाले टाइम नसते, कोणाले जमत नाई. मी बी देले, माझ्या टाक्यायच्या कमाईचे देले. गेली त्याच्या संगं. चांगलं चाललं होतं, राक्षस गुडघ्यावर आला, आता पडते तवा पडते, आन तवाच त्यानं मले टोळीतून काढून टाकलं. बटण दाबलं आन मी डोंगराच्या खालत. अंगरखा त्याच्याच कोण्या माणसाले गेला. मी त्याले लिहिलं, असं काहून केलं भाऊ, त्यानं वाचलं बी नाई.

मी रडली. कंबरेपायी नाई रडली तितली त्या अंगरख्यापायी रडली. रफीकले सांगितलं तर तो म्हणे, गेले ते गेले, पण तुले काय जमत नाई काय ते? दुसऱ्याच्या मांगं कायले जातं? बस, हेच डोक्यात बसलं.

मंग मी हुडकली, बादशाहानं फसवलेली माणसं. साताऱ्याची एक नर्स भेटली, कांचन, तिचीही तीच गत झाली होती, ढाल घेऊन सर्व्यायच्या पुढं उभी राहाणारी बाई ते. अजून तिघं भेटले. पाच झालो. किती डाव मेलो त्याचा हिशेबच नाई. पण मेल्यावर मी पाहे, कोण कुठं उभा होता, राक्षस पाय उचलाच्या आधी कोणत्या बाजूले मान वळवते, आग कोठून निंघते. टाके घालून घालून मले सवय हाय ना, एका जागी डोया लावून बसाची. आन एक दिवस पाडला. सर्व्याईनं म्हटलं पयला अंगरखा मनियारिणीले. मी माईक चालू करून बोलली, तवा त्याईले कयलं का ही खरंच बाई हाय. कांचन तर ओरडलीच, म्हणे अवं बाई, इतके दिवस मी तुला भाऊ म्हणत होते.

तवापासून लोकं विचारू लागले, आमाले न्याल काय, पैसे देतो. मी म्हटलं नेतो, पण माझ्या अटी. पैसे बक्षीस हातात पडल्यावर. आन पासवर्ड मी कोणाचा घेत नाई. बरेच जण म्हणतात हा घ्या पासवर्ड, माझ्या नावानं तुमीच खेळा, मी जेवून येतो. ते गेमच्या कायद्यात बसत नाई, आन माझ्या बी नाई. तुमी या, तुमच्या हातानं खेळा, मी तुमाले मरू देत नाई. कामं येऊ लागले. गादीच्या कामाहून कमी नाई, इतलंच सांगतो.

आता खरी गोष्ट तर पुढं हाय. कंबर बरी झाली, मी उठबस कराले लागली तरी मोबाईल सुटला नाई, आन मोबाईलवर पैसे येऊन राह्यले हे अब्बाईच्या कानावर गेलं. अब्बा पाच वक्ताचे नमाजी. दुपारी जेवणं झाल्यावर त्याईनं मले आन रफीकले समोर बसवलं. म्हणे, बेटा, खेळातून पैसा म्हंजे जुआ. जुआचा पैसा या घरात मी खाणार नाई, आन खाऊ बी देणार नाई. रफीक काहीतरी बोलाले गेला तर म्हणे तू चूप, मले सून सांगंल. मी काय सांगू? मोबाईल ठेवून दे म्हटलं असतं तर मी ठेवला असता ताई, त्याईचा शब्द या घरात कोणी मोडला नाई. मी म्हटलं, अब्बा, तुमी एकडाव पाहा. पाहून जे सांगाल ते मंजूर. आज चार वाजता एक गिऱ्हाईक हाय.

ते गिऱ्हाईक म्हंजे गजाननभाऊ, रिसोडकडचे. ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करत होते, लकवा मारला आन उजवा हात गेला. घरी बसून डाव्या हातानं गेम खेळत. त्याईले डोंगरावरची तलवार पायजे होती, आन ती राक्षसाले शेवटचा घाव जो मारते त्यालेच भेटते. सारे त्याले म्हणत पासवर्ड दे, आमी आणून देतो. तो म्हणे मंग मी काय केलं? कोणीच नेत नव्हतं त्याले. एका हातानं मोबाईलवर एकाच टायमाले पयणं बी आन मारणं बी जमत नाई, दोनातलं एकच होते.

अब्बा माझ्या बाजूले तक्क्याले टेकून बसले, चष्मा लावून. रफीक दारात. आमच्यातल्या एकाच्या जागी गजाननभाऊले घेतलं आन सुरू केलं. पयल्या डावाले तर आमी सपाटच झालो, आग आली, गजाननभाऊ जागीच जळाला, त्याले वाचवता वाचवता कांचनकडं माझं दुर्लक्ष झालं आन सारे मेले. अब्बा म्हणे, संपलं? पैसे भेटले? मी म्हटलं, नाई अब्बा, काम झाल्याबिगर पैसे नाई. दुसऱ्या डावाले अर्ध्यावर गेलो आन परत मेलो. मंग गजाननभाऊचा आवाज आला, लकव्यानं जीभ थोडी जड झाली हाय त्याची, म्हणे ताई, सोडा, माझ्यानं होत नाई, तुमचा टाइम खराब करून राह्यलो, पैसे पाठवून देतो. मी म्हटलं पैसे कशाचे घेऊ भाऊ, हरल्याचे?

अब्बा आता सरकून जवय आले होते. मी इचार केला. याले पयता येत नाई ना? मंग कायले पयवायचा? म्हटलं गजाननभाऊ, तुमी त्या फुटक्या खांबाजवय उभे राहा, हलूच नका. कांचन, तू राक्षसाले ओढत ओढत खांबाजवय आण. आन आग आली तर येऊ दे, भाऊची पट्टी मी भरतो. कांचन म्हणे, अगं तुझी दवा संपेल. म्हटलं संपू दे, तोवर पाहू.

निंघालो. राक्षस गरजून राह्यला, कांचन ढाल घेऊन मांगं मांगं सरकून राह्यली, आन मी गजाननभाऊशी बोलून राह्यली. भाऊ, घरी म्हैस हाय काय? हाय. दूध कितलं देते? आता आटलं. वहिनी काय करून राह्यल्या? इथंच बसली, तोंडात पदर कोंबून. तो सांगत जाये आन डाव्या हातानं घाव घालत जाये, भेवाची त्याले याद बी नाई राह्यली. आग आली. त्याची पट्टी खाली, मी वर, खाली, वर. माझी बोटं अशी चालून राह्यली, कपायावरचा घाम डोयात. दवा संपत आली. आन अचानक कानात अब्बा ओरडले, अरे डावा पाय, डाव्या पायानं लंगडून राह्यला तो, पडते आता, मार! मी म्हटलं भाऊ, डावा पाय! बाकीच्याईनं हात आवरला, गजाननभाऊनं घातला घाव.

पडला ताई. सारा डोंगर हलला मोबाईलमंदी. वर्त मोठ्या अक्षरात नाव आलं, गजानन. त्या मुलखात जितले खेळून राह्यले होते तितल्या सर्व्याईले दिसलं ते नाव. मी म्हटलं भाऊ, पायलं काय तुमचं नाव? मंग त्याच्या बायकोची शिट्टीच आयकू आली, खरीखुरी तोंडानं मारलेली शिट्टी, आन गजाननभाऊ हासून राह्यला, थांबतच नव्हता. म्हणे ताई, माझ्या हातानं झालं. परत परत तेच, माझ्या हातानं झालं.

पैसे आले. मी मोबाईल अब्बाईच्या समोर ठेवला. म्हटलं आता सांगा. अब्बाईनं चष्मा काढून पुसला. म्हणे, जुआत माणूस बाजी लावते आन नशिबाच्या तोंडाकडं पायते. तुनं नशिबाच्या भरवशावर काई ठेवलं नाई. घामेघूम झाली हायेस. हे मजुरी हाय, आन मजुरी हलाल हाय. मंग रफीकले म्हणे, पाहून काय राह्यला, चा टाक बायकोले. माझ्या सासऱ्यानं या घरात पयल्यांदा कोण्या माणसाले चा टाकाले सांगितलं, आन रफीकनं टाकला बी. साखर लय झाली होती, पण मी पेली.

दुसऱ्या दिवशी अब्बा स्वताहून दुकानात गेले. कितल्या वर्षानं कापसाले हात लावला त्याईनं. मशीनवर नाई, हातानं पिंजून माझ्या कंबरेच्या मापाची टेकणी भरली. म्हणे बसून मजुरी करणाऱ्याची पाठ शाबूत पायजे. गल्लीत आता सर्व्याईले सांगत फिरतात, आमची सून राक्षस मारते. लोकं हासतात. हासू द्या.

बादशाहाचं काय झालं म्हणता? मले ठाऊक नाई. दुसऱ्या नावानं फिरून राह्यला असंल. गजाननभाऊ आता आमच्याच टोळीत हाय, खांबाजवय उभं राहाची त्याची जागा ठरलेली. त्याच्यासारखे अजून दोघं आले, त्याईले तोच शिकवते, आन कांचन म्हणते आपली टोळी म्हंजे दवाखानाच झाला.

मी सकाई टाके घालतो, चार वाजता डोंगरावर. अल्लानं पायजे त्याच्याहून जास्त देलं, तुमाले बी देओ, तुमचे डोये आन बोटं सलामत राहो, लेकरंबायं सुखात राहो. बसा अजून, जाऊ नका, एस्टीले टाइम हाय. आज धाराशिवकडची एक बाई न्यायची हाय, पन्नाशीची, पयलीच खेप हाय तिची. थांबा, आलीच ते. हां, बोला बाई. आवाज येऊन राह्यला. काहून भेता? कोणीच तुमाले काढून टाकत नाई इथं. बरं मले सांगा, सयपाकाले आज काय केलं?