सोमवारचा अर्ज

तुम्ही मला तोंडाळ म्हणता ना, मग मी कोर्टात काय बोलले ते ऐका आणि ठरवा.

माझे मालक शनिवारी वारले. मुलगा चार वर्षांचा, निंबोल्याची केळीची बाग आता त्याची. महिन्याभराने चपराशी नोटीस घेऊन आला. मुलाचा पालक मला नेमा, असा अर्ज धाकट्या दिराने बऱ्हाणपूरच्या कोर्टात दिला होता. शाळेच्या मास्तरांनी नोटीस तारखेसकट वाचून दाखवली. घरचे म्हणाले, वर्ष होईपर्यंत विधवेने उंबरठा ओलांडायचा नाही. मी गाडी जुंपायला लावली.

कोर्टात दिराचा वकील इंग्रज साहेबाला म्हणाला, "हुजूर, नवऱ्याचं वर्ष झालं नाही आणि ही बाई इथे उभी. जिला रीत नाही ती मूल काय वाढवणार?"

मी म्हटलं, "साहेब, भाऊजींनी अर्ज कधी दिला तेवढं वाचायला सांगा."

कारकुनाने तारीख वाचली. सोमवार होता.

"तो तिसरा दिवस. अग्नी यांनीच दिलेला, म्हणून अस्थी सावडायला सगळे मसणात यांची वाट बघत बसले. शेवटी माझ्या भावाने सावडल्या. मी रीत मोडून आले, खरंय. पण हे आले तेव्हा राख अजून गरम होती."

साहेबाने पालक मलाच नेमलं.

बाहेर भाऊजी म्हणाले, "वहिनी, चारचौघांत असं बोलतात का?"

"मंग कुठं बोलू? तिसऱ्याला तुम्ही भेटलाच नाही."