मुक्कामाचं गाव

तानाबाई : दार लोटू नगा, भावजी. उघडंच ऱ्हाऊ द्या.

शिवपुत्र : गल्लीतली सगळी धूळ आत येतीय, वैनी.

तानाबाई : यिऊ द्या. समोर निंगव्वा बसलीया बगत. मगाशी इचारलं बी तिनं, यारु बंदार? कोन आलंय? मी सांगितलं, धाकटा दीर हाय, बेंगळूरास्नं आलाय. पर दार लागलं की दीर बी तिला दिसत न्हाय, निस्ता बाप्या दिसतुया.

शिवपुत्र : आण्णा असता तर तिच्याच ओट्यावर जाऊन बसला असता.

तानाबाई : आन् तिच्याकडनंच च्या करून घेतला असता. खावा की! भाकरीचा तुकडा हातात धरून कवाचं बसलाय. तिकडं भात खाऊन खाऊन दात पडलं का काय तुमचं?

शिवपुत्र : वैनी, मी एक बोलायला आलोय. दुपारच्या गाडीनं परत जायचंय.

तानाबाई : त्ये कळलंय मला. पोस्टकार्ड न्हाय, निरोप न्हाय आन् आज दारात हुबं. लगीन ठरलं का?

शिवपुत्र : नाही हो. कामाचं आहे. खरं तर कुणापाशी बोलायचं नाही असं काम आहे.

तानाबाई : मग माझ्यापाशी कशाला बोलताय?

शिवपुत्र : दुसरं कोण आहे मला? हापिसात सगळे साहेब. खोलीवर आलं की मी आणि स्टोव्ह. आण्णा लढाईत पडल्यापासनं मी कुणाशी धड बोललोच नाही बघा.

तानाबाई : मी तरी कुनासंगं बोलती? दवाखान्यात फरशी पुसायची, घरला यायचं. रेडिओ लावती, त्योच बोलतुया. बोला. मी कुनाला सांगनार हाय?

शिवपुत्र : तोफांचं काम आहे. म्हणजे तोफांना हुकूम देणारं मशीन. पुढं गेलेली तुकडी वायरलेसवर सांगते, दुश्मन अमुक ठिकाणी आहे, गोळे टाका. मागं चार ठिकाणी तोफा असतात. कुठल्या तोफेनं मारायचं, कधी मारायचं, हे आजवर साहेबलोक नकाशा बघून ठरवायचे. आता ते मशीन ठरवणार. आणि मशीननं कसं ठरवायचं, ते मी लिहून देतो.

तानाबाई : मशीनीला वाचाया येतं व्हय?

शिवपुत्र : पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडून द्यायचं. सांगितलं तेवढंच कळतं त्याला. त्यात एक प्रश्न मी माझ्या मनानं घातलाय. गोळा सुटायच्या आधी मशीन थांबतं आणि पुढच्या तुकडीला विचारतं, तुम्ही कुठं आहात? जबाब आला की मगच हुकूम.

तानाबाई : बरं केलंसा की.

शिवपुत्र : वरचे म्हणतात, काढून टाक. दर चाचणीला त्या प्रश्नापायी उशीर होतोय. तिकडं जवान मदतीसाठी ओरडतोय आणि आमचं मशीन चौकशा करत बसलंय. त्यांचंही खोटं नाही. सोमवारी मला सांगायचंय, काढतो का नाही. नाही म्हटलं तर काम दुसऱ्याकडं जाणार.

तानाबाई : मग काढा की. एवढी नोकरी मिळालीया.

शिवपुत्र : काढवत नाही, वैनी. का, ते सांगायला आलोय. इतकी वर्षं तुमच्यापासनं लपवून ठेवलंय मी. आण्णा दुश्मनाच्या गोळ्यानं नाही गेला.

(तानाबाई पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवते.)

शिवपुत्र : आपल्याच तोफेचा गोळा होता. आमच्याकडं एक मेजर आहेत, ते त्या लढाईत होते. तो माझा भाऊ, हे त्यांना ठाऊक नव्हतं. चहा पिता पिता सांगून गेले.

तानाबाई : ठावं हाय मला.

शिवपुत्र : काय ठावं हाय?

तानाबाई : आपल्याच तोफंचं. रावजी आलता, बार्शीचा. त्येंच्याच तुकडीतला. लढाई सरल्यावर सुट्टीला आला, तवा आदी हितं आला. तुमी बसलाय तितंच बसला हुता. लई रडला.

शिवपुत्र : आणि तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत?

तानाबाई : तुमी तरी कुटं बोललासा?

शिवपुत्र : मला वाटलं, तुम्हाला सोसायचं नाही.

तानाबाई : मला बी तुमचं त्येच वाटलं. म्हातारा-म्हातारीला तर कुटल्या तोंडानं सांगू? गावच्या साळंत शहीद म्हनून त्येंचं नाव लिवलंय. पंधरा ऑगस्टला म्हातारी नवं लुगडं नेसून जातीया तितं.

शिवपुत्र : राग येतो, वैनी. अजून येतो. त्या तोफवाल्यांनी एकदा, फक्त एकदा विचारलं असतं, बाबांनो, तुम्ही कुठं आहात, तर आण्णा आज हितं बसला असता. म्हणून तर तो प्रश्न घातलाय मी.

तानाबाई : इचारलं हुतं.

शिवपुत्र : कुणी?

तानाबाई : तोफवाल्यांनीच. वायरलेस तुमच्या आण्णाच्याच पाठीवर हुता न्हवं का? रावजी शेजारीच हुता. तिकडनं इचारलं, कुटं हाय? ह्येनी सांगितलं, टाकीपाशी.

शिवपुत्र : पाण्याच्या टाकीपाशी? नाही, नाही. टाकी पुढं होती. ही माणसं मागं कालव्यात होती. गोळा कालव्यात पडला.

तानाबाई : टाकीपाशी सांजच्याला जायचं हुतं त्येस्नी.

शिवपुत्र : मग आधीच टाकी कशाला सांगितली त्यानं? शुद्धीवर होता ना?

तानाबाई : शुद्धीवरच हुतं. तुमी ल्हानपनीच बोर्डिंगात गेलासा, मेंढरामागं कवा गेलाच न्हाई. रानात कुनी हाळी दिली, कुटं हाय रं, तर पायाखालचं रान कुनी सांगत न्हाई. रातच्याला मेंढरांचा वाडा जितं बसनार, त्या मुक्कामाचं गाव सांगायचं. मेंढरं काय हितं थांबत्यात व्हय? भाकरी घिऊन मी जायाची, ती त्या मुक्कामाच्या गावाला जायाची. मदीच थांबली तर कळप पुढं गेल्याला आसायचा. जलमभर ह्येच इचारलं, ह्येच सांगितलं. तितं बी तोंडातनं त्येच गेलं.

शिवपुत्र : म्हणजे तोफवाल्यांना वाटलं, आपली माणसं टाकीपाशी पोचली. कालव्यात राहिलाय तो दुश्मन.

तानाबाई : व्हय.

शिवपुत्र : म्हणजे माझ्या मशीननं विचारलं असतं, तरी त्यानं टाकीच सांगितली असती. आणि मशीननं खुशाल हुकूम दिला असता. कालव्यावर मारा म्हणून. मीच दिला असता, वैनी.

तानाबाई : तुमी कशाला दिला असता? आसं बोलू नगा.

शिवपुत्र : त्याच्यासाठी लिहिलं होतं मी ते. गावाकडं आलो नाही, लग्नाचं बघितलं नाही. वाटायचं, एवढं झालं की आण्णाचं काहीतरी केलं आपण.

तानाबाई : म्हनूनच मी बोलली न्हाई. लोक म्हनलं असतं, गांगरला गडी, सोताच्या तोंडानं मेला. त्येंची काय चूक हुती, सांगा की! मी येकलीच त्ये पोटात घिऊन बसली. कवा कवा वाटायचं, ह्या निंगव्वालाच सांगून टाकावं. तिला मराठी धड कळत न्हाई, म्हनून.

शिवपुत्र : मला सांगायचं होतं.

तानाबाई : आज सांगितलं न्हवं? रडा. रडा, काय हुतंय? बगू द्या निंगव्वाला.

शिवपुत्र : मी प्रश्न काढणार नाही. आणखी एक घालणार. आत्ता पाय कुठं आहेत, आणि मुक्काम कुठं आहे. दोन्ही निरनिराळं विचारायचं.

तानाबाई : आनखी येळ जाईल की. तुमचं सायेब ऐकत्याल?

शिवपुत्र : सगळं सांगून बघतो. आण्णाचं नाव घेऊन सांगतो. नाही ऐकलं तर देऊ देत दुसऱ्याला. पण काढणार नाही.

तानाबाई : आन् जबाबच आला न्हाई तर? वायरलेसवाला पडला आसंल, कुनी बोलनाराच नसंल?

शिवपुत्र : तर मशीन थांबेल.

तानाबाई : किती येळ?

शिवपुत्र : तेच मला ठरवता येत नाही, वैनी.

तानाबाई : लई थांबवू नगा, भावजी. मदत मागनारा बी तितं येकलाच आसतुया.