मीच बुजवलेली विहीर

मी सोमी, आमी ठाकर लोकं, माझं माहेर तिकडं डोंगराच्या पायथ्याची वाडी, जराशी नाचनी पिकायची, बाकी करवंदं-जांभळं टोपलीत घालून नेरळच्या बाजारात विकायची, शाळेचं तर नावच नको. लग्न होऊन शेलूला आले तवा इथं सगळी शेतं होती आनि शेतात एक दगडी विहीर, आमच्या झोपड्या तिच्याच पान्यावर.

मंग बिल्डर आला. काय सांगू तुमाला, ह्या चारी बिल्डिंगा आमीच बांधल्या, मी नि माझा नवरा, घमेली वायली मी. एक दिवस मुकादम बोलला, सोमे, सगळा राडारोडा विहिरीत टाक, इथं गाड्या लावायच्यात. मी बोलले, दादा, ती पान्याची हाय. तो बोलला, आता नळ येनार, तुलाबी येल. टाकला बाबा, आठ दिवस टाकत होते.

नळ काय आला नाय. बिल्डर अर्धं काम टाकून पळाला, लिफ्ट बंद, टँकर आला तर आला, गटाराचं पानी जिन्यापर्यंत, लोकं कुलपं लावून निघून गेली. माझा नवराबी तापानं गेला, मंग मी त्यातल्याच एका बिल्डिंगीत झाडू मारायला लागले. तळमजल्याला जुबेदाआपा, शिवनकाम करतात, त्यांची मानसं मूळची समुद्राकडली. एक दिवस बोलल्या, सोमे, आमीबी जातो गं आता, बिनपान्याचं किती दिस काढायचं. तवा मी भीत भीत बोलले, आपा, पानी हाय, ह्या गाड्यांच्या खाली हाय, मीच बुजवलंय. आपांनी मशीनच थांबवली.

उरलेल्या घरांची बैठक झाली. सावंतसाहेब कमिटीचे मोठे, मोहोपाड्याच्या कारखान्यातून रिटायर, ते बोलले, झाडूवालीच्या सांगन्यावर गाड्यांखालची फरशी फोडायची काय? आपा बोलल्या, पयला घाव मी घालते. आनि घातला, खरंच घातला. मंग दर रविवारी सगळी घरं खाली, बायका, म्हातारी मानसं, सगळी रांगेत, सावंतसाहेबांच्या हातचं घमेलं मी घेतलेलं हाय. लई रविवार गेले, नुसता राडारोडा निघायचा, मला रात्रंदिस धास्ती, पानी नाय लागलं तर तोंड कुठं दाखवू. मंग वला चिखल लागला, मंग पानी. मी तिथंच खाली बसले.

पंप बसवायच्या दिवशी सावंतसाहेब बोलले, पानी मेंबरांनाच, झोपड्यांना नाय. मी झाडू खाली ठेवला, बोलले, बुजवताना मी होते, उपसताना मी होते, पितानाच नको व्हय? आपा बोलल्या, झोपड्यांना पाइप नाय तर माझ्या घरातबी नको. सावंतसाहेब उठून गेले. मला वाटलं, संपलं आता. तर ते घरातनं मोजायची टेप घेऊन आले, विहिरीपास्नं माझ्या दारापतुर चालत गेले आनि बोलले, सोमीबाई, हे टोक जरा धरा. बाई बोलले मला, पयल्यांदा.

आता बरीच कुलपं उघडली. रविवारी गटार सगळी मिळून काढतात. लिफ्ट नाय चालू झाली, माझे गुडघे दुखतात, चार मजले झाडायचे म्हनजे दुखनारच. परवा वर एक नवी सून आली, इचारते, मावशी, हे पानी प्यायला चांगलं हाय का? मी बोलले, पी गं, खुशाल पी, सुखी ऱ्हा.