भैरोबाचा अंगरखा आणि सखाहरीचा भोंगा

मंडळी, आधी एक प्रश्न विचारतो. सोपा आहे, घाबरू नका! खोटं बोललं तर पाप लागतं — हो की नाही? अहो, माना हलवा! मान हलवायला वर्गणी पडत नाही! हां. खोटं बोललं की पाप, हे आपल्याला आईनं चिमटा काढून शिकवलं. आता पुढचा प्रश्न. खरं बोललं तर पाप लागतं का? अक्षर न् अक्षर खरं, तिळभर भेसळ नाही — लागतं का?

बघा, टाळकरी एकमेकांकडं बघायला लागले!

ऐका तर मग. एक गाव होतं. कुठलं गाव? ते विचारू नका. माणसांची नावंसुद्धा मी बदलून घेतलीत. का बदलली, ते उठायच्या आधी तुमचं तुम्हालाच कळेल.

गावात भैरोबाचं देऊळ. देवळावर भोंगा. आणि भोंग्याच्या खाली, माइक हातात धरून, सखाहरी गुरव! काय आवाज! पहाटे "ऐका हो ऐका" म्हणाला की शेजारच्या गावातल्या म्हशी पान्हवायच्या. गावातली प्रत्येक सूचना सखाहरीच्या तोंडून. आणि त्याची एक पद्धत होती — नावाशिवाय सूचना नाही! शेळी हरवली? शेळीचं नाव, मालकाचं नाव, मालकाच्या बापाचं नाव, आणि शेळी शेवटची कुणाच्या हरभऱ्यात दिसली त्याचंही नाव! तो म्हणायचा, "नाव नसलं की सूचना कशी बिनमिठाच्या आमटीसारखी लागते." माणूस मनानं निर्मळ, बरं का. फक्त तोंडाला दार नव्हतं.

आता दुसरं माणूस. हौसाबाई शिंपीण. एकटी बाई, चाळिशीची, दारात शिलाई मशीन. गावातल्या बायकांची झंपरं तिनं शिवावीत, आणि दरवर्षी यात्रेला भैरोबाचा अंगरखाही तिनंच शिवावा. हे सोपं नाही हो! भैरोबाला वर्षभर शेंदूर चढतो. थरावर थर! म्हणजे देव दरसाल जाड होतो — तुम्ही हसताय, पण तुमचंही तेच चाललंय! तर यात्रेच्या आधी सखाहरीनं दोऱ्यानं देवाचं माप घ्यायचं, जिथं माप बदलेल तिथं गाठ मारायची, आणि तो दोरा हौसाबाईला नेऊन द्यायचा. त्या गाठी वाचणारं गावात एकच माणूस, हौसाबाई.

त्या साली हौसाबाई देवळात आली ती तोंडाला रुमाल बांधून. लांबच उभी राहिली. म्हणाली, "काका, मला क्षय निघालाय. टीबी. तीन आठवडे झाले, गोळ्या चालू हायत. सिस्टर म्हणती, कापडातनं हा आजार लागत नाही. पर देवाचं काम, म्हणून इचारते. अंगरखा मी शिवला तर चालंल का?"

सखाहरीचे डोळे भरून आले. "येडे! देवाला कसली बाधा? शीव की!"

"आन् काका, हे तुमच्यापाशीच ठेवा."

"अगं, ह्या कानाचं त्या कानाला कळायचं नाही!"

बोला, भैरोबाच्या नावानं... चांगभलं!

दोन दिवसांनी उपकेंद्रातल्या सिस्टर चिठ्ठी घेऊन आल्या. चिठ्ठीत काय? "दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल त्यांनी बुधवारी उपकेंद्रात थुंकी तपासून घ्यावी. तपासणी मोफत. कुणाचंही नाव बाहेर सांगितलं जाणार नाही." बास! चार ओळी. सिस्टर म्हणाल्या, "काका, आहे तसं वाचा हं."

सखाहरीनं वाचलं. पण मंडळी — आमटी बिनमिठाची! त्याचा जीव तळमळायला लागला. मनात म्हणाला, असं कोरडं सांगितल्यावर कोण जाईल? गावाचं भलं तर झालं पाहिजे! आणि माइकमध्ये म्हणाला, "आपल्या गावच्या हौसाबाई शिंपीण यांना क्षय झालेला आहे! तरी सर्वांनी सावध राहून तपासणीचा लाभ घ्यावा! हौसाबाईंना भैरोबा लवकर बरं करो! चांगभलं!"

आता तुम्ही म्हणाल, अरे, तू शब्द दिला होतास ना? त्याचा हिशेब ऐका! तो म्हणायचा, कुणाच्या कानात सांगितलं तर चहाडी. भोंग्यावर सांगितलं तर लोकसेवा! आहे की नाही हुशार? आपल्याकडं अशा लोकसेवकांना तोटा नाही. आता तर प्रत्येकाच्या खिशात भोंगा आहे! असो, मोबाइलवाले हसले, पुढं जाऊ.

दुपारपर्यंत हौसाबाईच्या दारात रांग लागली. कशाला? तब्येत विचारायला? छे! आपापलं कापड परत न्यायला! एक म्हणाली, "हौसे, राहू दे गं ते झंपर, आमच्या पोरीचं लगीन लांबलं." दुसरी म्हणाली, "आमचंबी लांबलं." अहो, एका दुपारी गावातली सात लग्नं लांबली! नवरदेवांना पत्ता नाही! एकीनं तर काठीच्या टोकानं कापड उचललं. जी बाई वीस वर्षं सगळ्या गावाचं माप जाणून होती, तिच्याजवळ कुणी उभं राहीना. देवळाचे पंच म्हणाले, यंदा देवाचा अंगरखा तालुक्यातून तयार आणू. आणला! देवाला घालायला गेले, तो डोक्यातूनच खाली उतरेना. भैरोबा तीन दिवस अंगरखा कानावर घेऊन बसला!

बुधवार उजाडला. सिस्टर उपकेंद्रात थुंकीच्या तीस डब्या मांडून बसल्या. दहा वाजले. बारा वाजले. चार वाजले. किती माणसं आली? सांगा बघू! एकही नाही! अहो, गावातला खोकलाच नाहीसा झाला! लोक खोकला गिळायला लागले. भजनात एखाद्याला उबळ आली की तो जोरात "चांगभलं!" म्हणायचा. इतकं चांगभलं त्या गावात पूर्वी कधी झालं नव्हतं!

सिस्टर देवळात आल्या. म्हणाल्या, "सखाहरीकाका, तुमच्या भोंग्यात काय गुण आहे हो! एका सूचनेत अख्खं गाव बरं केलंत!" आणि मग त्यांचा आवाज उतरला. "ज्याला आजार आहे आणि माहीत नाही, त्याच्या खोकल्यातून तो पसरतो, काका. त्यानं दवाखान्यात यावं म्हणून तर चिठ्ठी होती. आता तुमच्या भीतीनं कोण येणार? आणि हौसाबाई बोचकं बांधून बसल्यात. बहिणीकडं जाते म्हणतात, गोळ्यांची पेटी इथंच टाकून. सहा महिन्यांचं औषध मध्येच तोडलं तर दुखणं उलटेल, आणि मग आवरणं अवघड. मी समजावून थकले."

सखाहरीनं हातातलं निरांजन खाली ठेवलं. कारण मंडळी, एक गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती. सखाहरीला स्वतःला तीन आठवडे खोकला होता! माइक बंद करायचा, खोकायचा, माइक चालू करायचा!

तसाच उठला आणि हौसाबाईच्या दारात गेला. ती उंबऱ्याच्या आत, बोचक्यावर बसलेली. तोंडाला तोच रुमाल. हा बाहेर उभा राहिला.

"हौसे, मी खोटं नाही गं बोललो."

"न्हाई काका. म्हणून तर काय करता येईना. खोटं असतं तर मी चौकात उभी राहून भांडले असते. खऱ्याशी कशी भांडू? ते माझं होतं, काका. मी तुमच्या हातात ठेवायला दिलं, तुम्ही उधळून आलात."

सखाहरीला लाज वाटली, रडू आलं, आणि सगळ्यात आधी आली ती उबळ! खोकला, खोकला, वाकून खोकला. हौसाबाई उठून उभी राहिली.

"किती दिस झाले?"

"तीन... तीन आठवडे."

"मग बुधवारी का न्हाई गेलात?"

"माझं नाव गावभर झालं असतं म्हणून..."

"काका!" हौसाबाईनं कपाळाला हात लावला. "भोंगा तुमच्याकडंच हाय! कोण घेणार हुतं तुमचं नाव?"

हसताय? हौसाबाईपण हसली हो! चार दिवसांत पहिल्यांदा हसली. सखाहरी म्हणाला, "हौसे, उद्या भोंग्यावर तुझी माफी मागतो. तुझं नाव घेऊन—"

"नाव घ्याल तर बघा!" ती कडाडली. "एकदा घेतलंत तेवढं बास झालं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा खरखरला. गाव दचकलं. आता कुणाची पाळी? आणि आवाज आला —

"ऐका हो ऐका! सखाहरी गुरव, वय वर्षे साठ, यांना तीन आठवड्यांपासून खोकला आहे. आजवर माइक बंद करून खोकत होते, आज चालू ठेवून खोकतील." आणि खोकला! "ते येत्या बुधवारी थुंकी तपासायला जाणार आहेत. हे नाव माझं आहे, म्हणून सांगतोय. दुसऱ्याचं नाव मी घेतलं, ती माझी चूक. यापुढं आजाऱ्याचं नाव या भोंग्यावर येणार नाही. आजार औषधानं बरा होतो. औषध सुरू झालं की काही आठवड्यांत बहुतेकांची लागण थांबते, आणि ती कधी थांबली ते सिस्टर सांगतील, मी नाही! चांगभलं!"

भोंगा बंद. मग सखाहरीनं तोंडाला रुमाल बांधला, देवाच्या अंगाला दोरा लावला, माप घेतलं, गाठी मारल्या. आणि तो दोरा दोन्ही हातांवर घेऊन निघाला — मागच्या बोळानं नाही, भर पेठेतून! पारावरची मंडळी उठून उभी राहिली. बायका दारात आल्या. सखाहरी एका शब्दानं बोलला नाही. जन्मात पहिल्यांदा तो गावातून गप्प चालला होता! हौसाबाईच्या उंबऱ्यावर त्यानं दोरा ठेवला.

हौसाबाईनं दोरा उचलला. गाठी बोटांनी चाचपल्या. म्हणाली, "देव पोटावर लई सुटलाय की यंदा." आणि तिनं बोचकं सोडलं. आधी गोळ्यांची पेटी काढली, मग कात्री. तासाभरानं मशीनचा आवाज पेठेत ऐकू आला. यात्रेला भैरोबानं तोच अंगरखा घातला, आणि लांबलेली सातही लग्नं, काय चमत्कार, ठरल्या तिथीला झाली! झंपरं कुणी शिवली, ते सांगायला नको. आणि पुढच्या बुधवारी उपकेंद्रात तीस डब्या पुरल्या नाहीत!

आता सांगा, खरं बोलून पाप लागतं का? आजाराचं खरं गावाला सांगावं — खोकला अंगावर काढू नका, तपासा, औषध पुरं घ्या. ते खरं सगळ्यांचं आहे. पण आजारी कोण, हे खरं एकाच माणसाचं. ते दुसऱ्यानं वाटायचं नाही!

तुम्ही मघापासून चुळबुळताय ते माझ्या लक्षात आलंय. विचारा, विचारा! काय म्हणता? बुधवारी सखाहरीच्या तपासणीत काय निघालं?

बघा! सगळ्या माना पुढं आल्या! टाळकरीसुद्धा वाकले! अहो, तासभर मी घसा कोरडा करून काय सांगितलं? ते सखाहरीचं आहे, मंडळी. त्यानं सांगितलं, तर तो सांगेल.

मी नाही सांगणार. आणि घरी जाऊन मोबाइल हातात घ्याल, तेव्हा तुम्हीही सांगू नका. बोला, भैरोबाच्या नावानं... चांगभलं!