लाल रंगाखालचा हिरवा

सुट्या भागांच्या दुकानात मास्तर स्कूटरची केबल घ्यायला आले होते. त्यांच्या पुढे एक आजी-आजोबा उभे होते.

"ट्रॅक्टर कोणत्या सालचा, आजोबा? सालाप्रमाणे गॅस्केट बदलतं."

"आमच्या लग्नाच्या सालचा. बेचाळीस वर्षं झाली. कोरा करकरीत घेतला होता."

"इंजिनावरचा नंबर आणलाय?"

"हा घ्या. हिनेच घासूनपुसून लिहून घेतला."

दुकानदाराने जाडजूड पुस्तक उघडलं.

"आजोबा, हा तर त्रेपन्न वर्षांचा निघाला!"

मास्तर केबल विसरले आणि त्यांनी कान टवकारले.

"पुस्तक चुकलं असेल."

"पुस्तक कशाला चुकेल?" आजी म्हणाल्या. "अहो, माझ्या बाबांना नवा म्हणून सांगितलंत ना?"

"रंग नवा होता की!"

"ठाऊक आहे. लग्नाआधी तुमचं घर बघायला आलो, तेव्हाच मी सीटखाली नखाने खरवडलं होतं. लाल रंगाखाली हिरवा."

"तेव्हाच? मग बाबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी लग्न मोडलं असतं ना!"

आजोबा मान खाली घालून हसले.

"द्या भाऊ, त्रेपन्न वर्षांपूर्वीच्या सालचंच गॅस्केट द्या. आणि हिच्या हातात द्या. खरवडून बघेल."