लेबल मागच्या बाजूला

बाइंडरच्या दुकानात माझ्यापुढे बालवाडीच्या दोन शिक्षिका उभ्या होत्या.

"परक्या भाषांची पुस्तकं आणलीस, पण तुला तरी वाचता येतात का?"

"नाही ना, मोठ्या बाई! हे पुस्तक बघा, उर्दूसारखं उजवीकडून उघडतं. मी पुढची बाजू समजून बालवाडीचं लेबल मागच्या बाजूला चिकटवलं आणि शेवटापासून गोष्ट सांगायला बसले."

"झाली ना पोरांसमोर शोभा?"

"झाली. ती नवी मुलगी, दोन महिने गप्प असलेली, ती उठली. माझ्या हातातलं पुस्तक फिरवून म्हणाली, 'बाई, इथून.'"

"बोलली?"

"अख्खी गोष्ट सांगितली, तिच्या भाषेत. चित्रं दाखवत."

"मग आता लेबल काढून घेणार?"

"छे, ते राहू दे तिथंच. शिवण घालायचीय. आठवड्यात पोरांनी पार खिळखिळं केलंय."

"मग जाड दोरा घालायला सांग त्याला."